मिश्री सोडायची आहे? मग मदत मागायला लाजू नका

आम्ही शिरोळ तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघतो. एरवी आमचं बोलणं बचत, अंतर्गत कर्ज, हप्ता आणि बँकेच्या फेऱ्या यांच्यापुढं जात नाही. आज मात्र एका लहानशा डबीबद्दल बोलायचं आहे. ती डबी चुलीच्या कडेला असते, उशाखाली असते, भांगलायला जाताना कनवटीला असते. तिच्यात काळी पूड असते. बरोबर ओळखलंत, मिश्रीच.

हा विषय आमच्याकडं कसा आला ते आधी सांगतो. आमच्या एका गटात एक आक्का आहेत. वय पन्नाशीच्या पुढं, हिशोबाला पक्क्या, गटाच्या कोषाध्यक्ष. एका बैठकीला कुणीतरी भडंग आणलं होतं. आक्कांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि बाकीचं शेजारणीच्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, "झोंबतंय गं. महिना झाला, तिखट म्हणून सोसत न्हाई." आम्ही त्यांना उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं. ज्या बाजूला त्या मिश्री धरायच्या, त्याच बाजूच्या हिरडीला आणि गालाला आतून पांढरा चट्टा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर नाही, पण त्याच्या वाटेवरचा चट्टा आहे. मिश्री आजपासून बंद. परत येताना एस.टी.त आक्का गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सोड म्हणाला, बरं झालं. पर तीस वर्सं लावतोय मी. कशी सोडू, त्ये कुठं सांगिटलं त्यानं?"

आक्कांच्या या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडंही उत्तर नव्हतं. पुढं जे शिकलो, चुकत चुकत शिकलो, तेच आज सांगतो.

आमची पहिली चूक

आम्ही पहिल्यांदा काय केलं? दंड लावला. बैठकीला उशीर झाला की जसा दंड घेतो, तसाच मिश्री लावलेली दिसली की दहा रुपये. वाटलं, पैशाच्या धाकानं सुटेल. महिनाभर दंडाची पेटी रिकामी राहिली. आम्ही खूश झालो. मग कळलं की बाया बैठकीच्या आधी तोंड धुऊन येत होत्या आणि घरी गेल्यावर दुप्पट लावत होत्या. दोघींनी तर बैठकीला यायचंच बंद केलं. त्यांची बचतही थांबली.

मग ध्यानात आलं की दंडानं मिश्री सुटत नाही, नुसती लपते. आणि लपलेल्या बाईला मदत करता येत नाही. आम्ही ठराव करून तो दंड रद्द केला, त्या दोघींच्या घरी जाऊन माफी मागितली आणि नव्यानं सुरुवात केली.

ही सवय एवढी चिवट का?

आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं की आपण व्यसनी नाही. बिडी ओढणारा व्यसनी, गुटखा खाणारा व्यसनी. आपण तर नुसते दात घासतो. पण मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखूच. भाजल्यानं त्यातलं विष उडून जात नाही. उलट जळताना आणखी घातक पदार्थ तयार होतात. भाजताना घरात जो ठसका उठतो, तो पोराबाळांच्या छातीतही जातो.

२०१६-१७ साली देशभर तंबाखूची मोठी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या दर १०० बायकांमागं १७ जणी तंबाखू वापरताना आढळल्या. त्यातल्या ओढणाऱ्या दीडसुद्धा भरत नाहीत. बाकी सगळ्या तोंडात धरणाऱ्या, म्हणजे मिश्री, तपकीर, पानातला तंबाखू. ही बाई चौकात दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि तिला कुणी मदतही देत नाही.

तंबाखूत निकोटीन असतं. मिश्री तोंडात धरली की हिरडीतून ते रक्तात उतरतं आणि मेंदूला जरा बरं वाटतं. थोड्या वेळानं ते उतरलं की चिडचिड होते, डोकं जड होतं, हात आपोआप डबीकडं जातो. मग लावली की पुन्हा बरं वाटतं. बाई म्हणते, मिश्रीनं डोकं उतरतं. खरं तर ते डोकं मिश्रीनंच चढवलेलं असतं. सावकार जसा जुनं व्याज भागवायला नवं कर्ज देतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून मिश्री सुटत नाही यात बाईचा मनाचा कमकुवतपणा नाही. शरीराला लागलेली ती गरज आहे आणि तिच्यावर उपाय आहेत.

गरोदर सुनेसाठी आणि लहानग्यांसाठी

मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तोंडात तंबाखू धरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आधीच अशक्त असलेल्या बाळाला शंभर ग्रॅमही मोठे असतात. म्हणून दिवस गेले की मिश्री त्याच दिवशी बंद व्हायला हवी. उशिरा कळलं तरी ज्या दिवशी सोडाल त्या दिवसापासून बाळाला फायदाच आहे. सासवांना आमची विनंती आहे. सुनेला रागावू नका, तिच्याबरोबर तुम्हीही सोडा.

आणि लेकराचे दात किडले म्हणून बोटानं त्याला मिश्री लावायची, हे तर कधीच करू नका. आपल्यातल्या कितीतरी जणींना ही सवय अशीच सहाव्या-सातव्या वर्षी आईच्या किंवा आजीच्या बोटानं लागली. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली आहे. मग घरच्या मंजनात तरी तो कशाला?

सोडायची कशी? आमच्या गटाची पद्धत

पहिलं काम, आठवडाभर नुसतं मोजायचं. दिवसात किती वेळा लावली, कधी लावली आणि का लावली. लिहिता येत नसेल तर डबीत तुरीचे दाणे टाकायचे. आक्कांचे पहिल्या दिवशी नऊ दाणे झाले. त्यांनाच खरं वाटेना. मोजताना कारणंही कळतात. पहाटे शौचाच्या आधी एकदा, चहानंतर एकदा, भांगलण करताना भूक मारायला एकदा, भांडण झालं की एकदा.

दुसरं काम, दिवस ठरवायचा. पंधरवड्याच्या आतला, आणि सण, लग्न किंवा ऊसतोडीच्या गडबडीचा नको. तो दिवस गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचा. घरातही सांगायचा. आदल्या रात्री डबी रिकामी करून घासून टाकायची. 'असू दे एक चिमूट अडीअडचणीला' असं करायचं नाही. घरात मिश्री भाजायची नाही आणि दुसरीसाठी भाजून द्यायचीही नाही.

तिसरं काम, प्रत्येक कारणाला पर्याय शोधायचा. सगळ्यात अवघड प्रश्न पोटाचा असतो. "मिश्रीबिगर पोटच साफ हुईत न्हाई," असं दहांतल्या आठ जणी म्हणतात. ते खोटं नाही. निकोटीननं आतड्याला चालना मिळते आणि वर्षानुवर्षांत त्याची सवय होऊन जाते. सोडल्यावर थोडे दिवस पोट अडतं. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी प्यायचं, थोडं चालायचं, रात्री भिजवलेले मनुके खायचे, जेवणात भाकरी आणि पालेभाजी वाढवायची आणि रोज ठरल्या वेळीच जायचं. बहुतेकींचं पोट काही आठवड्यांत लागी लागतं. नाहीच लागलं तर डॉक्टरांना विचारायचं, डबीला नाही.

दुखऱ्या दातासाठी लावत असाल तर आधी दात दाखवून घ्या. मिश्रीनं दात बरा होत नाही, हिरडी बधिर होते आणि आत कीड वाढत राहते. भूक मारण्यासाठी लावत असाल तर शेताला जाताना फुटाणे, शेंगदाणे-गूळ बरोबर घ्या. हाताला आणि तोंडाला काहीतरी हवं असेल तर बडीशेप, ओवा, लवंग चालेल. सुपारी मात्र नको. तंबाखू सोडून सुपारी धरणं म्हणजे एक सावकार सोडून दुसऱ्याच्या दारात जाणं. सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो.

चौथं, तलफ आली की काय करायचं? तलफ लाटेसारखी असते. येते, चढते आणि थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. गार पाण्यानं चूळ भरा, घोट घोट पाणी प्या, दहा वेळा संथ श्वास घ्या, उठून दुसऱ्या कामाला लागा. आक्का तेव्हा घागर घेऊन नळावर जायच्या. शेजारच्या हसायच्या, "आक्का, आज किती पाणी भरतासा?" पण तलफ मागंच राहायची. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. राग येतो, झोप लागत नाही, कामात मन रमत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच कमी होतं. हे घरातल्यांनाही आधी सांगून ठेवा, म्हणजे ते तुमच्या चिडचिडीचा वेगळा अर्थ लावणार नाहीत.

मदत कुठं कुठं मिळते?

सगळ्यात जवळची मदत जोडीदारणीची. आमच्याकडं सोडणाऱ्या प्रत्येकीला गटातली एक सोबतीण दिली जाते. ती रोज एकदा चौकशी करते, भेटून किंवा फोनवर. तिनं दोनच प्रश्न विचारायचे, "काल कशी गेली?" आणि "आज काय अवघड वाटतंय?" उपदेश करायचा नाही, टोमणा मारायचा नाही.

दुसरी मदत आशाताईंची. तीस वर्षांवरच्या माणसांचा आरोग्याचा फॉर्म त्या भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. तिथं खरं उत्तर द्या. 'नाही' म्हणून वेळ मारून नेली तर आपलंच नुकसान. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच होते. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर समुपदेशनाची सोय असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून त्याची चिठ्ठी मागून घ्या.

तिसरी मदत फोनवरची, आणि ती फुकट आहे. सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाईन २०१६ साली सुरू झाली. नंबर आहे १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवर भीतीदायक चित्राखाली जो नंबर छापलेला असतो, तोच हा. म्हणजे औषधाचा पत्ता विषाच्या पुडीवरच लिहिलेला असतो, आपण तो कधी वाचत नाही एवढंच. फोन लावला की पलीकडचं माणूस किती वर्षं लावता, दिवसात किती वेळा लावता, आधी कधी सोडायचा प्रयत्न केला होता का, हे विचारतं. तुमच्याशी बोलून सोडायचा दिवस ठरवतं आणि त्या दिवसानंतर पुन्हा फोन करून चौकशीही करतं. मराठीत बोलता येतं.

आक्कांना फोनवर बोलायचा संकोच वाटत होता. आम्ही बैठकीतच फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून बाईचा आवाज आला. आक्का आधी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पाच मिनिटांनी पदर खाली आला आणि त्या मोकळ्या बोलायला लागल्या. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं वरडतील. ती तर लेकीसारखी बोलली."

चौथी मदत औषधाची. फार जुनी सवय असेल, उठल्या उठल्या लावल्याशिवाय भागत नसेल, तर डॉक्टर निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टी देऊ शकतात. त्यातलं निकोटीन थोडं आणि मापात असतं, तंबाखूतली बाकीची विषं त्यात नसतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते हळूहळू कमी करत बंद करायचं असतं. च्युइंगम गोळीसारखं भराभर चघळायचं नाही. थोडं चावायचं, जिभेला झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झणझण गेली की पुन्हा चावायचं. ते तोंडात असताना आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही, नाहीतर गुण येत नाही. दात पडलेले असतील तर पट्टीबद्दल विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे मनानं घ्यायचं नाही, डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

घसरलं तर?

आक्कांनी २०१८ च्या दिवाळीनंतर मिश्री सोडली. नऊ महिने तोंडाला लावली नाही. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. कृष्णा आणि पंचगंगेनं काय केलं ते शिरोळकरांना सांगायला नको. घरात पाणी, जनावरं कुठं, माणसं कुठं. छावणीत शेजारच्या बाईनं डबी पुढं केली आणि आक्कांनी चिमूट घेतली. पाणी उतरल्यावर गटाची पहिली बैठक झाली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि रडल्या. त्यांच्यासारख्या आणखी चौघी निघाल्या.

तेव्हा आमच्याकडं दंडाची पेटी असती तर त्या पाचही जणी गप्प राहिल्या असत्या. आम्ही एवढंच विचारलं, "पुन्हा कधीचा दिवस ठरवायचा?" एकदा घसरलं म्हणजे सगळं वाया गेलं असं नसतं. नऊ महिने ज्यांनी सोडली, त्यांना सोडता येते हे त्यांनीच दाखवून दिलेलं असतं. बहुतेकांची सवय पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही, दोन-तीन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो. घसरायला कारण काय झालं एवढं बघायचं आणि पुढच्या वेळी त्याची तयारी करायची.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा आमची तयारी होती. घर सोडताना रेशन कार्ड आणि बँकेच्या पासबुकाबरोबर पिशवीत ब्रश, बडीशेपेची पुडी आणि हेल्पलाईनचा नंबर लिहिलेला कागदही होता. छावणीत आमच्या बाया एका जागी बसल्या. आक्का मधोमध होत्या. डबी पुढं आली की त्या बडीशेप पुढं करायच्या.

धन्याची बिडी

पुष्कळ जणी विचारतात, "आमचं सुटलं, पर ह्यांची बिडी?" वर सांगितलेली मदत पुरुषांनाही तशीच मिळते. नंबर तोच. भांडून उपयोग होत नाही. एवढं मात्र ठामपणं सांगायचं की घरात आणि पोरांसमोर ओढायची नाही, कारण तो धूर आपल्याही छातीत जातो. पोराला बिडी-तंबाखू आणायला दुकानात पाठवायचं नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणंही गुन्हा आहे. ग्रामसभेत हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

तंबाखूवर पोट असलेलीही माणसं आपल्या भागात आहेत. निपाणी काही लांब नाही. तिथल्या तंबाखूच्या शेतकऱ्यांनी १९८१ साली भावासाठी मोठं आंदोलन केलं होतं. वखारीत आणि बिडीकामात कितीतरी बाया राबल्या. आपलं भांडण त्या राबणाऱ्या हातांशी नाही. आपल्याला आपल्या तोंडाची काळजी घ्यायची आहे.

तोंड बघायची सवय

महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी सकाळी, आरशासमोर उजेडात उभं राहा. चूळ भरून ओठ आतून, दोन्ही गाल, हिरड्या, जीभ वर करून जिभेखाली बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, कारण नसताना हलणारा दात, तिखट न सोसणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. मावा, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी तोंडात तीन बोटं उभी जातात का तेही बघा. जात नसतील तर दाखवा. वेळेत कळलं तर बरं होतं. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची सोय आहे. पैशाच्या भीतीनं घरी बसू नका.

आता आपल्या सवयीचा हिशोब. मिश्री-तंबाखूला रोजचे दहा रुपये धरले तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६५० रुपये होतात. गटात महिन्याला शंभर रुपये बचत करताना आपण दोनदा विचार करतो. दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे, ते नुसतं पाठ म्हणायला नाही.

आक्का आता काय करतात? दर सहा महिन्यांनी तोंड दाखवून येतात. चट्टा वाढलेला नाही, फिका पडलाय. भडंग खातात, पण बेतानं. आणि नव्या बाईला सोबतीण हवी असली की पहिलं नाव त्यांचंच पुढं येतं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला हिशोबाची वही मिटायच्या आधी पाच मिनिटं काढा आणि हळूच विचारा, "आपल्यात कुणाला सोडायची आहे?" पहिल्या वेळी कदाचित कुणीच बोलणार नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा विचारा. एक जरी हात वर झाला, तरी त्या बाईच्या शेजारी जाऊन बसा.